अठ्ठावीस पायांची कॅश

सासऱ्यांना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी घेऊन जाणारी गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी फाटकात हात हलवत उभा होतो. ती वळल्यावर घरात न शिरता तडक पार्सल ऑफिसात गेलो. खिशात एक चिठ्ठी होती: 'आपल्या नावे आलेले पार्सल स्वतः येऊन सोडवून न्यावे.' त्यातला 'सोडवून' हा शब्द मला पहिल्यापासून खटकला होता. पोलीस चौकीतून माणूस सोडवतात, पार्सल नुसतं नेतात, अशी माझी समजूत होती.

पार्सलात काय होतं हे सांगायचं तर सासऱ्यांच्या कॉम्प्युटरबद्दल सांगायला हवं, आणि त्याबद्दल बोलताना आमच्या घरात सगळ्यांचा आवाज आपोआप खाली येतो. सासऱ्यांनी पाणीपुरवठा खात्यात चाळीस वर्षं नकाशे काढले. शहराच्या पोटात कुठून कुठला पाइप गेला आहे, कुठला व्हॉल्व्ह कुठल्या दिशेला फिरवला की बंद होतो, हे सगळं त्यांच्या नकाशात होतं. खात्याचाही स्वतःचा एक नकाशा होता, पण तो ज्या भिंतीवर टांगला होता ती भिंत गळायची. त्यामुळे निवृत्तीनंतरही कुठे खोदायचं झालं की खात्यातली माणसं आमच्याकडेच यायची. सासरे वही घेऊन खड्ड्यापाशी जायचे, मापं टिपायचे, घरी येऊन ती कॉम्प्युटरमध्ये घालायचे आणि वहीचं पान फाडून टाकायचे. एका गोष्टीची दोन ठिकाणी नोंद असली की भांडणं होतात, हा त्यांचा खात्यातला अनुभव.

हा कॉम्प्युटर आमच्या लग्नाहून जुना. मागच्या खोलीत एका शिसवी टेबलावर तो असायचा आणि सुरू झाला की टेबलासकट घुमायचा. त्याचा मूळचा मेंदू इतका मंद होता की सासऱ्यांनी फार वर्षांपूर्वी त्यात एक अ‍ॅक्सिलरेटर कार्ड घातलं होतं, म्हणजे म्हाताऱ्या घोड्याच्या छातीत तरण्या घोड्याचं काळीज. तरीही अख्खा नकाशा उघडायला अडतीस मिनिटं लागत. नवा कॉम्प्युटर घ्यायचा विषय मी एकदा काढला होता. त्यावर सासऱ्यांनी मान वर केली. नुसतं बघितलं. मी तो विषय परत काढला नाही.

पण त्या कार्डावर एका रांगेत खोबणी होत्या आणि त्यांत जुने, छोटे तुकडे होते. सासरे एकदा त्या दाखवून म्हणाले होते, "इथे कॅश वाढवता येते, जावईबापू. विहीर लांब असली की आपण स्वयंपाकघरात हंडा भरून ठेवतो ना? दर तांब्याला विहिरीवर जायला नको. तसा हा हंडा. इथे मोठा हंडा बसेल. पण आता ते तुकडे मिळतात कुठे?"

मी ते तुकडे मिळवले. तीन आठवडे पत्रव्यवहार करून एका दूरच्या शहरातल्या जुन्या मालाच्या व्यापाऱ्याकडून नऊ तुकडे मागवले. सासरे पट्टी सोडून घरी येतील तेव्हा नकाशा पाच मिनिटांत उघडेल, ते माझ्याकडे बघतील, आणि त्या बघण्यात पहिल्यांदाच काहीतरी वेगळं असेल, असा माझा हिशेब होता. मुळात मी भित्रा माणूस आहे. भित्र्या माणसाने असले हिशेब करू नयेत.

पार्सल ऑफिसातल्या खिडकीमागच्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आत काय आहे?"

"कॅश मेमरी," मी म्हणालो.

"कॅश पार्सलने मागवता येत नाही."

"ती कॅश नव्हे हो. कॉम्प्युटरची कॅश."

"कुणाचीही असो."

त्यांनी मला आतल्या साहेबांकडे पाठवलं. साहेबांच्या टेबलावर माझं पार्सल होतं आणि ते त्याच्याकडे जरा अंतर राखून बघत होते. अधिकारी माणसासमोर मला खरं बोलतानाही खोटं बोलल्यासारखा घाम येतो. तो आला.

"किती आहे?" साहेबांनी विचारलं.

"दोनशे छप्पन्न."

"दोनशे छप्पन्न काय?"

"के."

"म्हणजे हजार?"

"साधारण तेवढेच," मी म्हणालो, कारण मला नेमकं बोलायची सवय आहे आणि त्या सवयीने माझं आजवर भलं झालेलं नाही. साहेबांनी तो आकडा लिहून घेतला.

मग मला अर्ज करावा लागला. मी लिहिलं, 'सदर कॅश ही कॅश नसून कॅश या नावाची स्मृती आहे. ती खर्च करता येत नाही.' साहेबांनी ते दोनदा वाचलं. "खर्च करता येत नाही तर उपयोग काय?" त्यांनी विचारलं. मी हंड्याचं उदाहरण दिलं. त्यावर त्यांनी बाहेरच्या बाईंना बोलावून आत हंडा आहे का ते हलवून बघायला सांगितलं. शेवटी पार्सल फोडलं, नऊ काळे तुकडे टेबलावर सांडले, आणि ते किडे नाहीत याची खात्री झाल्यावर त्यांनी मला सोडलं. पार्सल सोडवायला गेलो होतो, सुटलो मी.

ते किडे वाटण्यात साहेबांची चूक नव्हती. एकेका तुकड्याला अठ्ठावीस पाय, दोन्ही बाजूंना चौदा-चौदा. एकूण दोनशे बावन्न पाय कार्डावरच्या दोनशे बावन्न भोकांत न दुखावता बसवायचे होते. गोम परवडली. ती निदान स्वतःहून चालते.

मंगळवारी दुपारी मी कामाला हात घातला. मदतीला वरच्या मजल्यावरचे रेडिओकाका होते. पूर्वी त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि विजेवर चालणारी कुठलीही वस्तू ही शेवटी रेडिओच, असं त्यांचं मत आहे. त्यांनी पहिल्याच वाक्यात मला गारद केलं.

"तुमच्या अंगात वीज आहे, ठाऊक आहे ना?"

माझ्यावर असा आरोप आजवर कुणी केला नव्हता.

"प्रत्येकाच्या असते," ते म्हणाले. "आपल्याला कळतही नाही. पण या तुकड्याला हात लावला की हा जागच्या जागी खलास. वरून दिसायला धडधाकट, आतून मेलेला. कळणारसुद्धा नाही."

'कळणारसुद्धा नाही' हे त्यांनी इतक्या प्रेमाने सांगितलं की मी दोन्ही हात पाठीमागे घेतले. अंगातली वीज उतरवायचा उपाय त्यांच्याकडे होता. तांब्याच्या तारेचं एक टोक माझ्या घोट्याला आणि दुसरं न्हाणीघरातल्या नळाला. तार मागच्या खोलीपासून दारातून, पॅसेजमधून नळापर्यंत ताणली गेली. त्याच वेळी माझी बायको बाहेरून आली. तिने तार पाहिली, तारेच्या मागोमाग चालत आली, आणि तारेच्या शेवटी तिला मी सापडलो.

"हे काय?" ती म्हणाली.

"अंगातली वीज उतरवतोय."

"बाबांना विचारलंत?"

"त्यांना आश्चर्याचा धक्का द्यायचाय."

"धक्का बसेलच," ती म्हणाली आणि तार ओलांडून स्वयंपाकघरात गेली. तिचा तो शांतपणा मला आवडला नाही. वादळाआधी पानसुद्धा हलत नाही, तसा तो होता.

जुने तुकडे काढून मी एका डबीत ठेवले आणि नवे बसवू लागलो. प्रत्येक तुकडा अंगठ्याने दाबताना 'कर्र' असा आवाज यायचा. रेडिओकाका म्हणायचे, "बसला." मला मात्र दर वेळी काहीतरी मोडल्यासारखंच वाटायचं. पाचव्या तुकड्याला आवाज जरा वेगळा आला. मी काकांकडे बघितलं. काकांनी छताकडे बघितलं. "तोही बसला," ते म्हणाले.

बटण दाबलं. पडदा काळा. मशीन घुमलं, एकदा लांब शिट्टी मारली आणि गप्प बसलं. सासऱ्यांनी जपून ठेवलेल्या फायलीत कार्डाचं माहितीपत्रक होतं. ते वाचल्यावर कळलं की हंडा मोठा केला की कार्डाला तसं सांगावं लागतं. त्यासाठी जंपर नावाची तांदळाएवढी टोपी एका काडीवरून काढून शेजारच्या काडीवर घालायची असते. ती टोपी माझ्या हातून दोनदा पडली. दुसऱ्यांदा ती शोधायला आम्ही दोघं टेबलाखाली गेलो, आणि बाहेर येताना काकांचं डोकं टेबलाला लागलं. नंतरचा अर्धा तास ते सल्ला न देता बसले होते. सगळ्या दुपारभरात तेवढाच काय तो निवांतपणा.

टोपी बसली. बटण दाबलं. मशीन सुरू झालं.

आता माझ्याकडून जी चूक झाली ती आनंदाच्या भरात झाली. मला आनंदाची सवय नाही, त्यामुळे तो झाला की हात कुठे ठेवायचे ते कळत नाही. मी नकाशा उघडला आणि घड्याळ लावून बसलो. चार मिनिटं पन्नास सेकंदांत तो उघडला. रेडिओकाका उठून उभे राहिले. मीही उभा राहिलो. घोट्याला तार होती हे विसरल्यामुळे लगेच परत बसलो.

मग काकांनी विचारलं, "हा पाइप देवळावरून कसा गेला?"

मी बघितलं. एक मोठी रेषा देवळाच्या कळसावरून आडवी गेली होती. टेकडीवरच्या टाकीपासून निघालेले पाइप हवेत संपत होते. तीन व्हॉल्व्ह नदीच्या मधोमध पोहत होते. मी बघत असतानाच आणखी एक निघून तिकडे गेला. मी घाईने नकाशा बंद करायला गेलो, तर मशीनने नम्रपणे विचारलं, 'बदल साठवू?'

कुणी नम्रपणे काही विचारलं की मी 'हो' म्हणतो. तसं वळणच आहे आमच्या घरचं. मी 'हो' दाबलं.

दाबल्यावर कळलं. रेडिओकाकांनाही कळलं. आम्ही दोघंही त्या पडद्याकडे बघत राहिलो. मशीन आतल्या आत करकर वाजत, सासऱ्यांच्या आयुष्यभराच्या कामावर ते पोहणारे व्हॉल्व्ह मनापासून गोंदत होतं.

"मला जरा वर काम आहे," काका म्हणाले आणि गेले.

बुधवारी सकाळी फोन वाजला. पाणीपुरवठ्यातला तरुण इंजिनिअर होता. माणूस भला, पण कायम घाईत. "उद्या सकाळी शाळा आणि छापखाना यांच्यामधल्या गल्लीत खोदतोय," तो म्हणाला. "फोनच्या तारा टाकायच्यात. मोठा पाइप शाळेच्या बाजूला आहे की छापखान्याच्या, तेवढं काकांच्या नकाशात बघून सांगा. आम्ही दुसऱ्या बाजूला मशीन लावू. अर्ध्या शहराचं पाणी त्या पाइपात आहे, म्हणून आपलं विचारून घेतो."

मी नकाशात बघितल्यासारखं केलं. म्हणजे फोन हातात धरून थोडा वेळ नुसता श्वास घेतला. "तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला शाळेच्या बाजूला वाटतं."

"मग शाळेच्याच बाजूला," मी म्हणालो.

फोन ठेवला. आयुष्यात मी पुष्कळ वेळा भिऊन खोटं बोललो आहे, पण त्यात अर्ध्या शहराचं पाणी कधीच नव्हतं. मला गल्लीत उडालेलं कारंजं दिसायला लागलं. शाळेचे वर्ग, त्यातली पाटीएवढी पोरं, दवाखान्याचे कोरडे नळ. आणि या सगळ्याच्या मागे, एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्या डोळ्याने माझ्याकडे बघत असलेले सासरे.

एक आशा मात्र शिल्लक होती. कदाचित मशीनच्या आतल्या तबकडीवर साठवलेला नकाशा अजून धड असेल, फक्त नव्या कॅशमुळे तो वाचताना घोळ होत असेल. मी वर जाऊन रेडिओकाकांना अक्षरशः हाताला धरून खाली आणलं. गळती शोधायची सासऱ्यांची पद्धत मला ऐकून ठाऊक होती. सगळं बंद करायचं, मग एकेक व्हॉल्व्ह उघडत जायचा आणि पाणी कुठे गायब होतं ते बघायचं. आम्ही तसंच केलं. आधी जंपरने कॅश सगळीच बंद केली. मशीन पूर्वीसारखं रांगायला लागलं; नकाशा उघडायचा धीर होईना म्हणून नुसती आकडेमोड करून बघितली, ती चुकेना. म्हणजे दोष नव्या तुकड्यांतच. मग एकेक तुकडा उपसून खाली-वर बघू लागलो. काकांना चाळिशीशिवाय दिसत नव्हतं आणि माझा हात थरथरत होता. दोघांचा मिळून एक धड कारागीर होत होता.

पाचव्या तुकड्याचा एक पाय भोकात गेलाच नव्हता. तो पोटाखाली दुमडून बसला होता, मांडी घालून बसावं तसा. वरून बघणाऱ्याला सत्तावीस पायांवर संशय येणार नाही अशी त्याची बैठक होती.

"सरळ करताना तुटतात," काका म्हणाले. "पत्रा थकलेला असतो. एकदा वाकला, दुसऱ्यांदा वाकला की संपलं."

मी श्वास रोखून चिमट्याने तो पाय सरळ केला. तो तुटला नाही. आजवरच्या आयुष्यात मी हाताने केलेलं हे एकमेव नाजूक काम, आणि ते बघायला रेडिओकाकांखेरीज कुणी नव्हतं. त्यांनीही डोळे मिटून घेतले होते.

तुकडा परत बसवला. बटण दाबलं. नकाशा पावणेपाच मिनिटांत उघडला. एकही रेषा हलली नाही, एकही व्हॉल्व्ह जागचा सरकला नाही. देवळाच्या कळसावरचा पाइप कळसावर ठाम होता. नदीतले चारही व्हॉल्व्ह नदीत ठाम होते. चुकीचा नकाशा आता अजिबात न अडखळता, विक्रमी वेळात उघडत होता.

फायलीशेजारच्या पत्र्याच्या डब्यात सासऱ्यांनी फ्लॉपी जपून ठेवल्या होत्या, चौदा, नंबर घालून. त्या एकेक करून घातल्या आणि नकाशा परत आला. पण दोन वर्षांपूर्वीचा. त्यात शाळा होती, छापखाना होता, आणि मधल्या गल्लीत काहीही नव्हतं. तिथला पाइप गेल्या वर्षी टाकला होता.

बायको दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"इंजिनिअरला काय सांगितलंत?" तिने विचारलं.

मी सांगितलं.

ती रागावली नाही. हातातल्या फोनवर तिने बहिणीचा नंबर फिरवला. सासरे पट्टी निघेपर्यंत माझ्या मेहुणीकडे होते, तिचं घर हॉस्पिटलच्या जवळ म्हणून. "ताई, बाबांना दे," बायको म्हणाली. मग पलीकडून बराच वेळ काहीतरी येत राहिलं. "नाही गं, कॅश म्हणजे पैसे नाहीत. नाही, ह्यांची नोकरी गेलेली नाही. कोण म्हणालं? रेडिओकाकू? नाही, कर्ज पण नाही. तू बाबांना दे." आणि फोन तिने माझ्या हातात ठेवला.

"बोला," सासरे म्हणाले.

मी बोललो. पार्सलापासून बोललो. मधेच थांबलो असतो तर परत सुरू होता आलं नसतं, म्हणून थांबलोच नाही. तुकडे, जंपर, पोहणारे व्हॉल्व्ह, 'हो', इंजिनिअर, शाळेची बाजू. संपल्यावर मी फोन कानापासून थोडा लांब धरला.

"छापखान्याच्या बाजूला," सासरे म्हणाले. आवाज ठणठणीत. "भिंतीपासून साडेचार फूट. आत्ता कळवा त्याला."

"आणि नकाशा, बाबा..."

"आत्ता कळवा म्हणालो ना."

मी इंजिनिअरला फोन केला.

"सकाळी शाळेची बाजू म्हणालात," तो म्हणाला.

"सकाळी मी नकाशा बघितला नव्हता," मी म्हणालो. "मी घाबरलो होतो."

असं उत्तर त्याला खात्यात आजवर कुणी दिलं नसावं.

गुरुवारी सकाळी सासऱ्यांना आणायला मी गेलो. बायको म्हणाली, "तुम्हीच जा." डॉक्टरांच्या खोलीत सासरे खुर्चीवर ताठ बसले होते, मी मागे उभा होतो. डॉक्टरीण बाई पट्टी सोडवू लागल्या तेव्हा सासऱ्यांनी हात मागे केला. त्यांना खुर्चीची पाठ हवी असेल असं मला वाटलं. त्यांनी माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा गार होता. पट्टी निघाली. डॉक्टरीण बाईंनी विचारलं, काय दिसतंय? त्यांनी डोळा उघडला, मिटला, परत उघडला. तेवढ्या वेळात माझ्या मनगटाला रक्त जायचं बंद झालं.

"तुमच्या एप्रनचं वरचं बटण निराळ्या दोऱ्याने शिवलंय," सासरे म्हणाले.

परतताना त्यांनी गाडी त्या गल्लीत घ्यायला लावली. शाळेच्या बाजूला लांबलचक चर खणलेला होता, त्यात तारांची भेंडोळी उतरत होती. सगळं कोरडं होतं. छापखान्याच्या भिंतीपाशी मात्र माणूस उभा राहील एवढा एक खड्डा होता. इंजिनिअर तिथे होता. त्याने सासऱ्यांना नमस्कार केला आणि माझ्याकडे बघून थोडा संकोचला.

"काका, रागावू नका," तो म्हणाला. "ह्यांनी काल सकाळी एक सांगितलं, दुपारी दुसरं. मला कशाचाच भरवसा वाटेना, म्हणून मशीन लावायच्या आधी हाताने खड्डा घेतला. पाइप इथेच निघाला. पण साडेचार फुटांवर नाही. पावणेपाच."

सासरे खड्ड्याच्या काठावर गेले. वाकून त्या काळ्या पाइपाकडे बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, नवा डोळा वापरून बघतायत. मग ते गाडीत येऊन बसले.

घरी आल्यावर ते मागच्या खोलीत गेले. मीही गेलो, कारण शिक्षा ऐकायला आरोपीने हजर राहावं लागतं. त्यांनी कॉम्प्युटर सुरू केला, दोन वर्षांपूर्वीचा नकाशा उघडला, घड्याळ बघितलं आणि भुवया थोड्या वर गेल्या. त्या खाली आल्यावर ते म्हणाले, "दार लावा."

मी दार लावलं.

"मला आठवत नव्हतं," सासरे म्हणाले.

"काय?"

"पाइप कुठल्या बाजूला ते. गेल्या वर्षी तो टाकला तेव्हा मला ताप होता. मी गेलोच नव्हतो. मुकादम घरी येऊन सांगून गेला, मी नकाशात घातलं, संपलं. काल तुम्ही विचारलंत आणि डोक्यात काहीच नाही. शाळा की छापखाना, दोन्ही सारखेच वाटायला लागले."

मला बसावंसं वाटलं. बसायला काही नव्हतं. मी टेबलाला टेकलो आणि टेबल घुमत होतं. म्हणजे काल अर्ध्या शहराचं पाणी कुणाच्याच भरवशावर नव्हतं. मी घाबरून सांगितलं, त्यांनी अंदाजाने सांगितलं, आणि शहर मात्र निवांत भांडी घासत होतं.

"मग इतकं ठणकावून कसं सांगितलंत, बाबा?"

"तुमचा आवाज ऐकला," ते म्हणाले. "शेळीसारखा झाला होता. म्हटलं, आपणही तसंच बोललो तर तो पोरगा इंजिनिअर कुणाचंच ऐकणार नाही. साडेचार फूट तेवढ्यासाठीच. माप सांगितलं की लोकांना खरं वाटतं." त्यांनी एकदा बंद दाराकडे बघितलं. "मग रात्रभर झोप नाही. डोळ्यावर पट्टी, शेजारी कुणी नाही, आणि समोर नुसतं पाणी. हे पोरींना सांगायचं नाही."

"नाही सांगत."

"बसा."

मी स्टूल आणून बसलो. ते सांगू लागले आणि मी काढू लागलो. दोन वर्षांत जिथे जिथे खोदलं तिथल्या गल्ल्या, चौक, कोपरे. नकाशा आता भराभर हलत होता, त्यामुळे थांबायला सबब उरली नव्हती. पहिले सहा पाइप त्यांनी धडाधड सांगितले. सातव्याला ते म्हणाले, "बाजाराच्या मागून, नाल्याच्या डाव्या अंगाने," आणि बोलायच्या आधी त्यांनी ऑपरेशनपासून नाकावर नसलेला चष्मा वर सरकवला.

मी हात थांबवला. "नक्की?"

"नक्की," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुटक रेषा काढा."

ते काम पुरं व्हायला अकरा दिवस लागले. नकाशात आता दोन प्रकारच्या रेषा आहेत. सलग रेषा म्हणजे सासऱ्यांना ठाऊक आहे. तुटक रेषा म्हणजे त्यांनी चष्मा सरकवला. खात्याला आम्ही एवढंच कळवलं आहे की तुटक रेषेपाशी मशीन लावू नये, हाताने खोदावं. कारण काय, ते खात्याने विचारलेलं नाही. गेल्या आठवड्यात तो इंजिनिअर नकाशा न्यायला आला होता. त्याने अख्खा कागद पसरून बघितला आणि विचारलं, "काका, तुटक बऱ्याच दिसतायत."

"जावईबापूंनी काढल्यात," सासरे म्हणाले. "ते फार सावध आहेत."